डायरेक्ट का थ्रू?

आमच्या नातीला बघायला वाकडहून पाहुणे आले होते. पाणी झालं, पोहे आले, कोण कुणाचं कोण ते सांगणं सुरू झालं. मुलाकडचे एक भरदार गृहस्थ म्हणाले, "मी मुलाच्या आत्याच्या जावेचा भाऊ." आम्ही सगळ्यांनी समजल्यासारखी मान हलवली.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "म्हणजे डायरेक्ट न्हाईत तुम्ही. थ्रू आहात."

गृहस्थांचा चमचा तोंडाशी थांबला.

"ते पण सिंगल थ्रू न्हाई," आवाज पुढं म्हणाला. "मधी दोन जॉइंट आलेत. एवढ्या लांबून प्रेशर येतंय का?"

पाहुणे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "तिकडं लक्ष देऊ नका. तो आमचा कुणी न्हाई. भाडेकरू हाय."

"बरोबर आहे आबांचं," आवाज खुशीत म्हणाला. "माझं टेम्पररी आहे." जाता जाता त्यानं दार ओढून घेतलं, आणि कडी ढिली दिसली म्हणून बाहेरून तिचा नट आवळला. पाहुणे निघाले तेव्हा दार उघडेना. शेवटी माझ्या मुलानं खांदा लावला आणि वाकडचं स्थळ अंगणात मोकळं केलं.

हा व्यंकट घोगरे.

मूळचा लातूरकडचा. चाकणच्या कंपन्या नव्या होत्या तेव्हा आला आणि निघोज्यात आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहिला. कंपनीत हवेच्या पाइपलाइनवर होता. कुठं हवा गळते ते बघायचं आणि आवळायचं, हे त्याचं काम. कंपनीनं त्याला मोकळं केलं, पण आवळायची सवय काही सुटली नाही. मागच्या खिशात पाना कायम. देवळाच्या घंटेची साखळी आवळ, पारावरच्या बाकाचा बोल्ट आवळ. एकदा मयतीला गेलो होतो, तर तिथं मांडलेल्या खुर्च्या उलट्या करून तपासत बसला. घरचे रडायचे थांबून त्याच्याकडं बघायला लागले.

पण ते एक वेळ चाललं असतं. त्याची खरी खोड म्हणजे ते इंग्रजी शब्द. कंपनीत एक गोष्ट दुसऱ्या गोष्टीला कशी जोडलेली असते त्याचे शब्द असतात. जॉइंट, कपलिंग, फ्लँज, क्लँप, लिंक, अटॅच. बाकीचे कामगार शिफ्ट सुटली की हे शब्द गेटवर ठेवून येतात. व्यंकट ते घरी घेऊन आला आणि माणसांना लावायला लागला.

नवराबायको म्हणजे नट-बोल्ट. "दोघांचे आटे एक पाहिजेत आबा. न्हाई तर नुसतं फिरत ऱ्हातंय, बसत न्हाई." भाऊभाऊ म्हणजे वेल्डिंग. जावई म्हणजे फ्लँज, पाइपाच्या तोंडाची चकती; दोन चकत्यांच्या मध्ये रबराचं गॅस्केट लागतं, आणि गॅस्केट म्हणजे मुलगी, दोन्हीकडून दाबली जाते ती. निवडणुकीला दारात येतो तो मॅग्नेट. वीज आहे तोवर चिकटतो. शेजारच्या खोलीतल्या पोराचं कुणा मुलीशी फोनवर चालायचं, ते वायरलेस. आणि आम्ही दोघं, म्हणजे मालक आणि भाडेकरू? तो म्हणाला, "ट्यूब."

"कसली ट्यूब?"

"पाइप गळला की सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधतेत बगा. तशी. टेम्पररी. पण कधी कधी वीस वीस वर्षं चालती."

मला याचा राग यायचा. मी शाळा चौथीपर्यंत केली, त्यातलीही निम्मी मास्तरांची म्हैस सांभाळण्यात गेली. पण नात्याचे शब्द मला कुणी शिकवायचे नाहीत. मी त्याला ठणकावून सांगायचो, "अरे, तुझ्या इंग्रजीत चुलता, मामा, मावसा, आत्याचा नवरा, सगळ्याला एकच अंकल. आमच्यात साडू वेगळा, मेव्हणा वेगळा, व्याही वेगळा, विहीण वेगळी. नाव घेतलं की माणूस कुठं बसतो ते कळतं. तू कशाला असली लोखंडं मधी घालतो?"

तो शांतपणे ऐकून घ्यायचा. मग म्हणायचा, "तुमच्या शब्दानं कोण ते कळतंय आबा. फिट किती ते कळत न्हाई. आता तुमचा मेव्हणा हाय. शब्द पक्का हाय. पण फिट हाय का?"

माझा मेव्हणा आणि मी एकमेकांच्या उंबऱ्याला शिवत नाही, हे सगळ्या निघोज्याला माहीत आहे. मी विषय बदलायचो.

एकदा मीही त्याला पकडला. म्हणालो, "सगळ्यांची जोडणी सांगतोस. तुझं कोण हाय?"

"आमची लाइन बंद हाय," तो म्हणाला. "मेन वॉल्वच बंद." आणि माझ्या अंगणातल्या नळाकडं गेला. तो नळ काही गळत नव्हता. तरी पाना लावून बराच वेळ तिथं बसून राहिला.

तर ते वाकडचं स्थळ. दारात अडकून बसले तरी पसंती कळवली. माझी नात स्नेहल तिकडंच कंप्युटरच्या कंपनीत जाते, पोरानं तिला आधीच बघितलं होतं म्हणे. व्यंकटला कळलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे लिंक आधीच झालती. आपण नुसते टेस्टिंगला बसलो होतो." स्नेहल हसून हसून लोळली. तिचं आणि त्याचं चांगलं जमायचं. तिला सायकल शिकवली त्यानं, आणि त्या सायकलीचा एकही नट कधी सुटला नाही. सीट खाली-वर करायचं म्हटलं तरी सुटला नाही. आठवीत गेली तरी पोरगी दुसरीतल्या उंचीच्या सीटवर बसून शाळेत जात होती.

लग्न ठरलं आणि पहिल्याच दिवशी घरात एक प्रश्न येऊन बसला. मामाचं काय?

तुम्हाला ठाऊकच आहे. अक्षता वाटून होतात, अंतरपाट धरतात आणि माइकवरून हाक येते, मामांनी मागं उभं राहावं. नवरीच्या मागं तिचा मामा उभा राहतो. तिथं दुसरा कुणी शोभत नाही. स्नेहलला मामा एकच, माझ्या सुनेचा भाऊ. दापोडीचा प्रकाश. आणि प्रकाश आमच्यावर रुसलेला होता.

त्याचं असं झालं. आम्ही बंगला बांधला, वास्तुशांत केली. आमच्याकडं पद्धत अशी, की माइकवाला एकेका पाहुण्याचं नाव पुकारतो आणि त्याला फेटा बांधतात. माइकवाल्यानं प्रकाशचं नाव घेतलं ते मांडववाल्याच्या नंतर. प्रकाश फेटा न बांधता, जेवण न करता उठला. आबांनी स्वतः दापोडीला येऊन बोलावलं तर येईन, नाही तर तुमची दिशा नको, असा त्यानं निरोप धाडला.

मी कशाला जाऊ? नाव घेतलं माइकवाल्यानं. रुसायचं तर त्याच्यावर रुसावं. मी तेव्हाही हेच म्हणालो होतो, आजही हेच म्हणतो.

माझी सून मंगल भाकऱ्या थापायला बसली. परातीचा आवाज वाढला. शेवटी स्नेहलच म्हणाली, "आबा, एवढं कशाला? व्यंकटकाका उभे राहतील मामा म्हणून."

व्यंकट अंगणात गेटची बिजागरी आवळत होता. त्याच्या हातातून पाना पडला.

"मी?" तो म्हणाला. "मी तर..." एरवी कुठल्याही दोन माणसांमधला जॉइंट तो चुटकीसरशी सांगायचा. त्या दिवशी त्याला एक शब्द सापडेना.

"तुम्हीच," स्नेहल म्हणाली. "सायकल शिकवताना मागं धरून पळत होता ना? मग."

मी विचार केला, हे बरं झालं. दापोडीला जायला नको. म्हणालो, "ठरलं."

त्यानंतर व्यंकटचं वागणंच बदललं. चाकणच्या शिंप्याकडून पांढरा नेहरू शर्ट आणि पायजमा शिवून आणला. टोपी आणली, ती कडक कांजी केलेली, डोक्यावर ठेवली तर टिचकी मारल्यावर वाजेल अशी. सकाळी मी दात घासायला बाहेर आलो, तर हा चाळीमागं पाण्याच्या टाकीपाशी हात जोडून ताठ उभा. समोर कुणी नाही. मी खाकरलो.

"काय करतोस रं?"

"उभारून बघूलालोय," तो म्हणाला. "किती वेळ उभारता येतंय ते."

त्याचं ते बघूलालोय, येऊलालोय ऐकून आमची माणसं हसायची. मी नाही हसलो त्या दिवशी. तोंडात मंजन होतं.

मग एका दुपारी तो माझ्याजवळ येऊन बसला. "आबा, मंगलवहिनी मोरीत नळ सोडून रडूलालत्या."

"बायकांना लग्नघरात रडू येतंच."

"न्हाई. भावाचा फोटो बघून रडूलालत्या." त्यानं जमिनीवर काडीनं एक रेघ ओढली आणि मधेच थांबवली. "मी उभारलो तर कसं, ट्यूब बांधल्यागत होईल. गळायचं थांबेल. पण ते काय खरं न्हाई."

"तुला उभं ऱ्हायचं न्हाई का मग?"

"ऱ्हायचंय की," तो पटकन म्हणाला. मग सावकाश म्हणाला, "तुम्ही दापोडीला जाऊन यावा."

"न्हाई जाणार."

"बरं," म्हणाला आणि उठून गेला.

हळदीच्या आदल्या दिवशी माझी टोपी हरवली. खुंटीला असते ती. डोक्यावर टोपी नसली तर मला उघडं पडल्यासारखं वाटतं. सगळं घर उलटं केलं. मुलाला शिव्या दिल्या, धुण्याच्या बाईला दिल्या, हलवाई भट्टी मांडत होता त्यालाही दिल्या. दिवसभर डोक्याला टॉवेल गुंडाळून फिरलो. बघणाऱ्यांना वाटलं, आबाचं डोकं दुखतंय. व्यंकटही दिवसभर गायब होता, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हळदीला, चार माणसं जमलेली असताना, गेटातून प्रकाश आत आला. मंगलच्या हातातली हळदीची वाटी तशीच राहिली. प्रकाशच्या दोन्ही हातांवर, देवाचा प्रसाद धरावा तशी, माझी टोपी.

तो सरळ माझ्यासमोर आला. डोळे भरलेले. म्हणाला, "आबा, एवढं करायला नको होतं. तुम्ही वडीलधारी माणसं. टोपी पाठवली तुम्ही! माझ्या पायाशी ठेवली हो ती त्यांनी! मी काय एवढा मोठा हाय का?"

आमच्या भागात डोक्यावरची टोपी दुसऱ्याच्या पायाशी ठेवायची म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. त्याच्यापुढं दुसरी माफी नाही. माझ्या अंगाची आग झाली. मी व्यंकटकडं बघितलं. तो मांडवाच्या खांबाकडं असा बघत होता, की जणू खांब त्यानं जन्मात पहिल्यांदाच बघितला.

प्रकाशनं माझ्या डोक्यावरचा टॉवेल काढला, टोपी नीट बसवली आणि पाया पडला. मंगल रडत होती, पण ते रडणं निराळं होतं. सगळा मांडव माझ्या तोंडाकडं बघत होता.

मी म्हणालो, "असू दे."

एवढंच म्हणालो. आता कुणी म्हणेल आबानं माफी मागितली. मी मागितली नाही. मी गप्प बसलो. गप्प बसणं वेगळं आणि माफी मागणं वेगळं, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

रात्रीची जेवणं व्हायच्या आधी व्यंकटला कोपऱ्यात घेतला. "टोपीचोर! माझी इज्जत दापोडीला नेऊन ठेवलीस?"

"घेऊन पण आलो की," तो म्हणाला. "अन् आता डायरेक्ट कनेक्शन झालं. मधी मी नको."

"आणि तुझे कपडे? शिवलेस ते?"

"लग्नात घालतेतच की लोक नवे कपडे," तो म्हणाला आणि पाना काढून लग्नाच्या लॉनवर निघाला. स्टेज पाइपांचं होतं, खालून क्लँप लावलेले. उशिरा परत आला आणि मला सांगून गेला, "सगळे क्लँप हातानं आवळले आबा. एकूण एक. आता वर हत्ती नाचवा, हलणार न्हाई."

लग्न संध्याकाळचं. लॉन माणसांनी भरलेलं. माइकवाला तोच जुना, पण त्याला मी आधीच दम भरला होता. त्यानं प्रकाशचं नाव आमदाराच्याही आधी घेतलं, मग पुन्हा मध्ये घेतलं आणि शेवटी पण घेतलं. अंतरपाट धरला. माइकवरून हाक आली, "नवरीच्या मामांनी नवरीच्या मागं उभं राहावं." गुलाबी फेटा बांधून प्रकाश छाती काढून उभा राहिला. स्नेहलनं जरा मान वळवून बघितलं. तिनं मामाकडं बघितलं, मग गर्दीत इकडंतिकडं बघितलं. कुणाला शोधत होती ते मला कळलं. मीही बघितलं. व्यंकट कुठंच नव्हता.

पहिलं मंगलाष्टक सुरू झालं आणि माझं आपलं म्हाताऱ्या माणसाचं झालं. जाणं भाग पडलं. पुढून जायला वाट नव्हती म्हणून स्टेजच्या मागून निघालो. मागं कापडाचा पडदा सुटला होता. आत नजर गेली.

स्टेजच्या खाली, पाइपांच्या जंगलात, व्यंकट उभा होता. उभा म्हणजे मान वाकवून, कारण वर फळ्या होत्या. अंगात तो पांढरा शर्ट, डोक्यावर कांजीची टोपी. दोन्ही हातांनी एक पाइप गच्च धरलेला. मी हिशोब केला. बरोबर वर स्नेहल उभी होती. फळ्यांच्या फटीतून अक्षता खाली पडत होत्या आणि त्याच्या कडक टोपीवर टपटप वाजत होत्या.

"व्यंकट! इथं काय करतोस?"

तो दचकला. पण हात सोडले नाहीत. "क्लँप ढिला झालाय आबा. वर माणसं लई चढली. धरून उभारलं पाहिजे कुणीतरी."

"मांडववाल्याला बोलवू?"

"नको, नको. थोडंच ऱ्हायलंय आता." वर दुसरं मंगलाष्टक सुरू झालं. त्यानं पाइप आणखी घट्ट धरला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "बहीण होती मला एक. धाकटी. तापानं गेली लहानपणी. ऱ्हायली असती तर हिच्याएवढी पोरगी असती तिला."

त्यात एकही इंग्रजी शब्द नव्हता.

मी आत वाकलो. तो ज्या पाइपाला धरून होता त्याचा क्लँप माझ्या हाताशी आला. मी त्याला हात लावून बघितला, नट चिमटीत धरून फिरवून बघितला. खडकासारखा घट्ट. तसूभर हलला नाही.

व्यंकट माझ्याकडं बघत होता. पोरगं चोरी करताना सापडल्यावर बघतं तसं.

"लई ढिला हाय," मी म्हणालो. "एकट्याला झेपायचा न्हाई." आणि मीही टोपी सावरत आत शिरलो आणि दुसऱ्या बाजूनं तो पाइप धरला.

शुभमंगल सावधान झालं. वर ताशे वाजले, सगळ्या फळ्या थरथरल्या, तांदूळ आमच्या दोघांच्या डोक्यावर पडले. आम्ही सोडलं नाही.

पाठवणीच्या वेळी मंगल माझ्यावर चिडली. "आबा, कुठं होता तुम्ही? मंगलाष्टकांच्या एका फोटोत तुम्ही न्हाई. सगळं गाव विचारत होतं."

"कामात होतो."

"आणि हे तांदूळ टोपीत कुठून आले एवढे?"

मी टोपी झटकली. तिकडं स्नेहल गाडीत बसायच्या आधी सगळ्यांच्या पाया पडत होती. मामाच्या पडली, आणि मग गर्दीतून वाट काढत मागं गेली, जिथं व्यंकट नवऱ्याच्या गाडीच्या चाकाचे नट तपासत उकिडवा बसला होता. ती वाकली तसा तो गडबडून उभा राहिला. वाकडचे ते भरदार गृहस्थ माझ्या शेजारीच होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "हे आपले कोण हो?"

मी म्हणालो, "आमचाच हाय. तुम्ही गाडीत बसा. दार मात्र तुमच्या हातानं लावून घ्या."